विमानाआडची भिंत

गवंड्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला, दोन पावलं सरकून पुन्हा टकटक केलं.

"हा गवंडी आहे की डॉक्टर?" पायलट पुटपुटला.

"बाबा, गप्प बसा ना," मुलगी म्हणाली. "हा तिसरा माणूस. आता याच्यानंतर कोणी येणार नाही."

पायलट हे गल्लीने ठेवलेलं नाव. माणूस कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त. घराला लागून असलेल्या लांबलचक शेडमध्ये तेवीस वर्षं खपून त्याने एक विमान बांधलं होतं. छोटंसं, पिवळं, दोघं बसतील एवढं. नकाशे टपालाने मागवलेले, सांगाड्याच्या नळ्या स्वतः जोडलेल्या, पंखांची एकेक लाकडी फासळी हाताने रंधा मारून घडवलेली. तपासनीस आले, नट न् नट बघून गेले, कागदावर शिक्का बसला. उडवायचा परवानाही त्याच्याकडे होता. पण डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं होतं, एवढं वर्ष चालेल, पुढच्या वर्षी मी सही करणार नाही.

आणि विमान शेडमधून बाहेर निघत नव्हतं.

पंख सुटे होत, त्यांचं काही नाही. पण चाकांसकट धड दारापेक्षा चांगलं दोन हात रुंद. आधी कळस मग पाया, असं म्हणून गल्ली हसायची. पायलटला ते फार लागायचं, कारण चूक त्याची नव्हतीच. काम सुरू केलं तेव्हा शेडची ही बाजू सताड उघडी होती, नुसत्या खांबांवर. मग कारखान्याने त्याला यंत्रं बसवायला दोन महिने बाहेरगावी पाठवलं. परत येऊन बघतो तर काय, खांब गायब, ही भलीमोठी भिंत उभी आणि तिला एक माणूस जाईल एवढं दार!

"भुसा सगळा स्वयंपाकघरात येत होता," बायको म्हणाली होती.

तो मूग गिळून बसला. हिने आपलं विमान गाडलं, हे मनात मात्र धरून ठेवलं. भांडावं तर जिंकणार तीच. भिंत पाड म्हणून विनवावं तर आपलं नाक खाली. तेव्हाचं तेव्हा बघू, म्हणत तो हट्टाने बांधत राहिला. भिंतीचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही.

बायको शेडमध्ये पाऊल टाकायची नाही. चहा दारातूनच द्यायची आणि म्हणायची, "झालं की सांगा." त्या तीन शब्दांनी त्याचं टाळकं फिरायचं. पंखांवरचं कापड ताणून बसवायला त्याने घरातली इस्त्री नेली, तेव्हा तर तिची दिवसभर बडबड. दुसऱ्या दिवशी नवी इस्त्री आणून तिने त्याच्यापुढे आदळली. "घ्या, ही माझ्या सवतीला. माझी मला परत द्या."

तिला जाऊन आठ महिने झाले होते. विमान पुरं झालं ते त्यानंतर. अजूनही चार वाजले की त्याचे डोळे दाराकडे जायचे. तिची आठवण यायची, आणि समोर भिंत दिसली की तिचा रागही यायचा. दोन्ही एकदमच.

आधीचे दोन ठेकेदार एकच सांगून गेले होते. खांब काढलेत, म्हणजे छपराचा सगळा भार या भिंतीवर. ती पाडली तर छप्पर विमानाच्या डोक्यात. शेवटी मुलीने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की हाही नाही म्हणाला तर धड मधोमध कापून बाहेर काढायचं. कापलेलं विमान पुन्हा उडणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"ही भिंत कुणी बांधून घेतली?" गवंड्याने विचारलं. सत्तरी ओलांडलेला, पण हात दणकट.

"माझ्या बायकोने. मी नव्हतो इथे."

"शिडी द्या जरा."

वर चढून त्याने छपराखालचा गिलावा छिन्नीने खरवडला. आत लोखंड दिसलं. तो सरकत सरकत खरवडत गेला; या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गर्डर.

"छप्पर याच्यावर उभं आहे," तो म्हणाला. "भिंतीवर काहीच नाही."

खाली उतरून त्याने थोडा गिलावा उडवला आणि एक वीट धरून हलवली. हलता दात निघावा तशी ती हातात आली. विटेला सिमेंटचा कण नव्हता, नुसती माती.

पायलट भडकला. "बघ! फसवलं तिला! एकटी बाई बघून लुबाडलं कुणीतरी!"

"कुणी फसवलं नाही साहेब. मीच बांधलीय ही," गवंडी म्हणाला. "आवाजावरून शंका आली होती, गर्डर बघून खात्री पटली. मी बाईंना म्हटलं होतं, मातीत बांधलेली भिंत टिकायची नाही. तर म्हणाल्या, टिकवायची कुणाला आहे? भुशाला आडोसा झाला म्हणजे पुरे. ज्या दिवशी यांचं होईल, त्या दिवशी हातांनी उतरवता आली पाहिजे."

मुलीने तोंडावर हात ठेवला. पायलटने ती वीट घेतली आणि उगाच उलटीसुलटी करून पाहिली.

"गर्डरचं मापही त्यांचंच. अठ्ठावीस फूट," गवंडी पुढे म्हणाला. "पंख लावूनच बाहेर यायला हवं, म्हणाल्या. मला वाटलं, विमान तयारच असणार. तयार होतं ना तेव्हा?"

"नाही," पायलट म्हणाला. "तेव्हा नुसती शेपटी झाली होती."