सहा अलार्म

संमतीपत्रावर फक्त सही राहिली होती. शलाकाचं वजन एकशे एकवीस किलो होतं. डाएट, चालणं, गोळ्या, सगळं करून झालं होतं. ऑपरेशन करून भूकच काढून टाकली नाही, तर हृदय दोन वर्षंही निभावणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मांडीवर दहा महिन्यांची ईरा होती.

शेजारी त्याच ऑपरेशननंतरच्या तपासणीला आलेली सडपातळ बाई होती. तिचा मुलगा कधीचा किरकिरत होता. तिच्या मोबाइलचा अलार्म वाजला, तशी ती दचकली आणि डबा उघडून त्याला वरणभात भरवू लागली.

"भूक कशी असते तेच आठवत नाही हो ताई," ती ओशाळून म्हणाली. "परवा मोबाइलचं चार्जिंग संपलं, अलार्म वाजलाच नाही. संध्याकाळी शेजारणीने विचारलं, जेवला का हा, तेव्हा कळलं."

शलाकाने ईराला जवळ ओढलं. उठून जावंसं वाटलं. पण दोन वर्षांनी ईरा जेमतेम तीन वर्षांची असेल, आणि घरी त्या दोघींशिवाय कोणीच नव्हतं.

तिने मोबाइलवर सहा अलार्म लावले. प्रत्येकाखाली स्वतःसाठीच लिहिलं, "ईरा रडतेय ती हट्टाने नाही. तिला भरव."

मग पेन उचललं.