हिरवं गाव

तालुक्याच्या आरोग्य खात्याच्या ओपारे साहेबांनी कडुनिंबाला टांगलेल्या कापडी नकाशावर बोट ठेवलं आणि अबेन्सो गाव हिरवं असल्याचं जाहीर केलं. हिरवं म्हणजे गेल्या सबंध वर्षात गावात एकही तान्हं मूल दगावलं नाही. साऱ्या तालुक्यात असं दुसरं गाव नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ढोलवाल्याने दोन थापा जास्तच मारल्या आणि गावच्या मुखियाने बक्षीस म्हणून आलेलं भिंतीवरचं घड्याळ दोन्ही हातांनी वर धरून सगळ्यांना दाखवलं.

म्हातारी डुफिएही टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी तिची लेक कोनादू बसली होती. दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला नीट मांडीही घालता येत नव्हती.

मग साहेबांनी पुढचं सांगितलं. सरकारकडून तालुक्याला एकच सुईण मिळाली होती. ती कुठे द्यायची हे आता वशिल्यावर ठरत नव्हतं, आकड्यांवर ठरत होतं. नदीपलीकडचं बेपोसो लालभडक होतं, तेव्हा सुईण बेपोसोला. सुईणीसाठी अबेन्सोच्या बायकांनी स्वतः विटा पाडून खोली बांधली होती, त्याचं साहेबांनी फार कौतुक केलं. खोली धान्याला वापरता येईल म्हणाले.

डुफिएचे हात थांबले. बेपोसोत काय चालतं ते तिला ठाऊक होतं. तिथे कोकोच्या मळ्यात राबायला उत्तरेकडून आलेली माणसं. त्यांचं मूल पहिल्या श्वासापासून मूल असतं. गेलं तर ती ऊर बडवून रडतात, कबर खणतात आणि विचारणाऱ्याला सांगतात.

अबेन्सोत तसं नव्हतं. इथे बाळाला आठव्या दिवशी उजेडात आणत, जिभेवर पाण्याचा थेंब ठेवत, नाव देत. तोवर तो नुसता पाहुणा. त्याची खरी आई पलीकडच्या जगात असते आणि ती हाक मारील तेव्हा तो उठून जातो. अशा पाहुण्यासाठी रडलं, तर त्याला चटक लागते. तो पुन्हापुन्हा पोटी येतो आणि हसत निघून जातो. म्हणून रडायचं नाही.

कोनादूकडे असे दोन पाहुणे येऊन गेले होते, दोन्ही गेल्या वर्षातच. पहिला सरत्या थंडीत, सातव्या महिन्यातच आला. दुसरा वर्ष संपता संपता, तोही अपुऱ्या दिवसांचाच. दोघांना डुफिएनेच मडक्यात घालून उकिरड्याच्या कडेला पुरलं होतं. दोन्ही वेळा तिने लेकीला सणासुदीचं पांढरं लुगडं नेसवलं, समोर शेंगदाण्याचं कालवण ठेवलं आणि हसत जेव म्हणून दटावलं. कोनादू जेवली होती. हसलीही होती. त्या हसण्याने डुफिएच्या काळजाचं पाणी झालं होतं, पण ते तिने कोणाला कळू दिलं नाही.

त्यानंतर सरकारची पोरगी दारोदार फिरत आली. घरात कोणी लहान मूल दगावलं का, असं तिने विचारलं. डुफिए नाही म्हणाली. ती खोटं बोलली नव्हती. आल्या-गेल्या पाहुण्याचा हिशोब कोण ठेवतो? घरोघरच्या म्हाताऱ्यांनी तिच्यासारखंच खरं सांगितलं, आणि खरं सांगून आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

ती काठी टेकत उठली. मुखियाने डोळे वटारले.

"साहेब, चूक झाली," ती म्हणाली. "माझ्या लेकीची दोन बाळं गेली. मी पुरली."

पाहुणे म्हणायच्या ऐवजी ती बाळं म्हणाली होती. कोनादूने मान वर करून आईकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत तिच्या लेकरांना कोणी बाळं म्हणालं नव्हतं.

"डुफिए, जीभ आवर," मुखिया म्हणाला. "लेकीच्या पोटावर उठलीस की काय?"

"पोटासाठीच उठले, मुखिया."

मागून कोणीतरी बाई हळूच "माझंही गेलं" म्हणाली. मग आणखी एक. ज्यांनी आयुष्यात हे तोंडातून काढलं नव्हतं, त्या बाया एकेक करून उठल्या. कोणी रडत होत्या, कोणी पदराने तोंड झाकून घेतलं होतं.

ओपारे साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवीतलं आकड्यांचं यंत्र काढलं, बराच वेळ बोटं फिरवली आणि परत पिशवीत ठेवलं. गेल्या वर्षाचे आकडे वर गेले होते आणि कुलूपबंद झाले होते. ते आता खुद्द मंत्र्यालाही बदलता येणार नव्हते. त्यांनी हात जोडून माफी मागितली.

"पण धीर सोडू नका, आजी," ते म्हणाले. "या वर्षाची पाटी कोरी आहे. यंदा काही बरंवाईट झालं तर लपवू नका, लगेच कळवा. नकाशा लाल झाला की सुईण यायला वेळ लागत नाही."

डुफिए काठी टेकत खाली बसली.

आता आईच्या खांद्याचा आधार घेऊन कोनादू उठली. एक हात पोटाखाली धरून तिने शांतपणे विचारलं, "साहेब, नकाशा लाल व्हायला किती लागतात?"

आकड्यांचं विचारल्यावर साहेबांना जरा हुशारी आली.

"एवढ्याशा गावाला ना?" ते म्हणाले. "एक पुरे."