बिनक्षाराचे घट
राहत पाच वर्षं एकाच कामात गुंतली होती. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाच्या थरदार सौरघटात चिमूटभर क्षार मिसळला, की सोलापूरच्या उन्हातही तो टिकतो, असं तिनं दाखवलं होतं. शोधनिबंध छापून आला होता, पीएचडीची तोंडी परीक्षा शुक्रवारी होती. शेवटची खात्री म्हणून तिनं नव्या द्रावकात बिनक्षाराचे घटही बनवून महिनाभर गच्चीवर ठेवले होते. आज पाहिले, तर तेही शाबूत. क्षारानं काहीच केलं नव्हतं; तुलनेसाठी आधी बनवलेले बिनक्षाराचे घट तेवढे खराब द्रावकाच्या बाटलीतले होते, म्हणून मेले होते. “कुणाला बोलू नकोस,” गाइडसर म्हणाले. “शुक्रवार पार पडू दे.” रडत रडत तिनं निबंध मागे घ्यायची विनंती संपादकांना पाठवली. तेवढ्यात अम्मीचा फोन आला. “शुक्रवारी अक्कलकोटहून खाला येतीय की. डॉक्टर झालेली पोरगी बघायचीय म्हणते.” “तिला नको म्हण, अम्मी.”