आपोआप
बाळाची टाच. कॉम्प्युटरमधलं जुनं नेटवर्क कार्ड. ‘आपोआप’ हा शब्द. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं हॉस्पिटलच्या मॅनेजर साहेबांचं म्हणणं होतं. रक्ततपासणीचं मशीन ज्या कॉम्प्युटरला जोडलंय, त्यातलं कार्ड कुठल्या पत्त्यावर आहे हे ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, हाताने सांगावं लागतं. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर मी सांभाळते; त्या पत्त्याचे आकडे भरून मी ‘आपोआप शोधा’पुढे ‘नाही’ लिहिलं होतं. आदल्या संध्याकाळी साहेबांनी नाक खुपसून त्याचं ‘हो’ केलं. ड्रायव्हर भलतीकडेच शोधत बसला, कार्ड मुकं झालं, वॉर्डात एकही रिपोर्ट पोहोचेना. “नमुना खराब झाला असेल, पुन्हा घ्या,” लॅबमध्ये माझ्या शेजारी उभं राहून साहेबांनी वॉर्डाला फोनवर फर्मावलं. मी आकडे पुन्हा भरत होते, तेवढ्यात सिस्टर रक्ताची दुसरी नळी घेऊन आल्या. “अहो ताई, एवढंसं पोर! आता दुसऱ्या टाचेलाही टोचावं लागलं. आई तर भिंतीकडे तोंड करून उभी होती.” मी साहेबांकडे वळले. “‘नाही’चं ‘हो’ कुणी केलं?” “कुणी कशाला करेल? झालं असेल आपोआप. जुनं खटारं कार्ड, त्याचा काय भरवसा!” “आपोआप तर तुमची खुर्चीही सरकत नाही, साहेब. चला वर, आणि त्या आईला सांगा, तिच्या बाळाला पुन्हा का टोचलं ते.” साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी दार अडवून उभी राहिले. बाळाचा पहिला रिपोर्ट सकाळीच तयार होऊन मशीनमध्ये अडकून पडला होता.