तेवीस चुकलेल्या सीड्या

सीडीच्या डबीवर नाव होतं पियानोवाल्याचं आणि यंत्राच्या पडद्यावर आलं ते एका सॅक्सोफोनवाल्याचं. रॉस पॅस्कोने सीडी बाहेर काढली, चष्मा पुसला आणि ती पुन्हा आत सारली. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं. त्याने डबीचं आणि सीडीचं नाव वहीत टिपलं आणि समासात अकरावी रेघ मारली.

लॉन्सेस्टन शहरातल्या दुकानदाराने दोन यंत्रं पंधरा दिवसांसाठी घरी दिली होती. वापरून बघा, पटेल ते ठेवा. दोन्ही यंत्रं सीडी गिळत, तिची नक्कल पोटात साठवत आणि डबीकडे न बघता तिचं नाव इंटरनेटवरून शोधून काढत. काळं यंत्र छोटं होतं, एका माणसाने हेडफोन लावून ऐकण्यापुरतं. चंदेरी यंत्र घरातल्या सगळ्या खोल्यांत गाणं पोचवायचं, आणि चांगलंच महाग होतं. पुढच्या महिन्यात रॉस आणि नोलीन दोन खोल्यांच्या घरात राहायला जाणार होते. चारशे सीड्या तिथे मावणार नव्हत्या. रॉसने काळं यंत्र जवळजवळ पक्कं केलं होतं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, नोलीन त्याच्या जॅझला भांडी आपटणं म्हणत आली होती. तिचं डोकं दुखतं म्हणून गेल्या हिवाळ्यापासून त्याने एकही सीडी लावली नव्हती. क्रिकेटपुरता रेडिओ, बस.

पण आता प्रश्न यंत्राचा उरला नव्हता. रॉसने सगळी हयात जमिनी मोजण्यात घालवली. दुसऱ्याच्या कुंपणाची हद्द वीतभर सरकलेली त्याला खपत नसे, त्याच्या घरात सीडी परक्या डबीत जाणं शक्यच नव्हतं. मात्र मार्चमध्ये तो सुपरमार्केटबाहेर गाडी विसरून पिशव्या घेऊन पायी घरी आला होता. गुरुवारी डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची तपासणी होती. तीत काही निघालं तर गाडीचा परवाना जाणार होता. त्याला परवान्यापेक्षाही तपासणीचीच भीती वाटत होती, आणि ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.

बुधवारी दुपारी मुलगी टानिया सामान बांधायला आली, तोवर रेघा तेवीस झाल्या होत्या. एक डबी तर रिकामीच निघाली होती.

“डॅड, तूच लावल्या असशील. लक्षात नसेल राहिलं,” टानिया म्हणाली. तिने आवाज शक्य तितका हलका ठेवला होता.

“तीच तर गोम आहे. एकही लावल्याचं आठवत नाही मला. एखादी विसरलो असतो तर सोडून दिलं असतं. तेवीस?”

“मग उद्या डॉक्टरांना सांगू या. लपवू नकोस.”

“लपवतंय कोण? लिहूनच काढलंय.”

खरंच काढलं होतं. गाडी, एकदा. सीड्या, तेवीस वेळा. कागदाची घडी त्याने खिशात घातली. मग जुडग्यातून गाडीची किल्ली सोडवली आणि टेबलावर टानियापुढे ठेवली.

“उद्या गाडी तू चालव,” तो म्हणाला. “उद्यानंतरही तूच.”

नोलीन ओट्यापाशी वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. एकच कप तिने चार कागदांत गुंडाळला होता. आठवडाभर ती गप्प बसली होती. रॉस दोन दिवस कुरकुर करील आणि सोडून देईल असा तिचा अंदाज होता. तोंड उघडलं असतं तर त्रेचाळीस वर्षांची टिंगल तिच्यावरच उलटली असती, आणि माघार घेणं तिला कधीच जमलं नव्हतं. आता तिने टेबलावरची किल्ली पाहिली आणि तिला स्वतःची लाज वाटली.

ती कोपऱ्यातल्या जुन्या सीडी प्लेअरपाशी गेली आणि बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. त्यात एक सीडी होती.

“ही चोविसावी,” ती म्हणाली. “काल लावलेली.”

रॉसने वाकून ट्रेमधली सीडी पाहिली.

“दर मंगळवारी तू क्लबच्या हिरवळीवर बोल्स खेळायला जातोस ना, तेव्हा. दिसेल ती डबी घ्यायची, तिच्यातली सीडी लावायची. आधीची बाहेर आली की तिला त्याच डबीत कोंबायचं. जिची तिची डबी शोधत बसायला वेळ कुठे होता? पाचच्या ठोक्याला तुझी गाडी दारात.”

रॉसने वही उघडली. प्रत्येक चुकलेल्या डबीत तिच्या आदल्या मंगळवारची सीडी होती. प्लेअरमधल्या सीडीची डबी त्याने शोधली आणि तिथून बोट एकेका नावावरून मागे नेलं, जमीन मोजताना खुंटीवरून खुंटीवर जावं तसं. बोट नेमकं त्या रिकाम्या डबीवर येऊन थांबलं. मध्ये एकही नाव निसटलं नव्हतं. हिशेब इतका चोख जुळला की त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

“गाडीचं तेवढं सांगायचंय हं डॉक्टरांना,” टानिया म्हणाली.

“सांगतो की.” त्याने कागदावरची दुसरी ओळ खोडली आणि किल्ली पुन्हा जुडग्यात ओवली. मग बायकोकडे वळला. “भांडी आपटणं म्हणायचीस ना?”

“म्हणायची. अजूनही भांडीच आहेत ती.” नोलीनने गुंडाळलेला कप उगाच पुन्हा कागदातून सोडवला. “पण तू लावायचं बंद केलंस आणि घर खायला उठलं.”

रॉस काळ्या यंत्राच्या वायरी नीट करू लागला. नोलीनने त्याच्या हातातून वायर काढून घेतली आणि काळं यंत्र उचलून दुकानाच्या खोक्यात ठेवलं.

“हे परत कर,” ती म्हणाली. “ते दुसरं स्वयंपाकघरातही वाजतं.”