बाईंची परवानगी

ओवीच्या मूत्राशयात बसवलेली चिप ते भरलं की तिच्या आईच्या, म्हणजे स्नेहलच्या, आवाजात बोलायची, "ओवी, शूला जा." ओवी सवयीने म्हणायची, "पाच मिनिटं." तेवढ्यात तुंबलेली लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढायची. तिसऱ्यांदा इन्फेक्शन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता पुन्हा ताप आला तर ऑपरेशन. तोवर चिपचा आवाज बदलून बघू. घरात कोणाचं ऐकते ही?"

"घरात कोणाचंच नाही," स्नेहल म्हणाली. "शाळेत चिंदरकर बाईंचं."

रविवारी सकाळी ओवीच्या पोटातून बाई कडाडल्या, "ओवी, ऊठ." ओवी ताडकन उठली, करंगळी वर केली आणि परवानगीची वाट बघत तशीच उभी राहिली. परवानगी द्यायला चिपला कोणी शिकवलंच नव्हतं.

"अगं, जा ना," स्नेहल काकुळतीला आली.

"तू बाई नाहीस."

शेवटी घसा साफ करून स्नेहल बाईंसारखं नाकातून म्हणाली, "जा. पळायचं नाही."

ओवी गेली. हुश्श करून स्नेहल वळली, तर लहानपणी त्याच बाईंच्या वर्गात शिकलेला तिचा नवरा पेपर बाजूला ठेवून, करंगळी वर करून उभा होता.

"तू बस खाली," स्नेहल नाकातूनच म्हणाली. "एका वेळी एकच."