तन्नो दन्ती

अगं, तू नुसतं ऐक. लिथुआनियाच्या एका खेड्यात कुंदाकाकूंची दाढ ठणकायला लागली. औषधाच्या दुकानात कुणाला इंग्रजी येईना, फोन बंद पडलेला. काकूंनी गालावर बोट ठेवलं, तर दुकानातल्या बाईंनी क्रीम काढलं. तोंड वासून दाखवलं, तर खोकल्याच्या गोळ्या.

काकूंचे डोळे भरून आले. संकटात त्यांना आठवतं ते अथर्वशीर्षच. गाल धरून त्या पुटपुटल्या, "तन्नो दन्ती प्रचोदयात्..."

"दांतिस?" बाईंनी स्वतःच्या दातावर बोट वाजवलं. तिकडे दाताला दांतिसच म्हणतात! दोन मिनिटांत गोळी काकूंच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी काकांचं पोट बिघडलं. काकू "लंबोदरं, लंबोदरं" घोकत त्याच दुकानाकडे निघाल्या. तू असतीस, तर अडवलं असतंस, की मागोमाग गेली असतीस?